मैत्री नंतर, आधी मोजमाप

शिवाजीनगरला ‘सिमला ऑफिस’ नावाचा बसथांबा आहे. पुण्यात नवा आलेला माणूस कधी ना कधी विचारतोच, इथे सिमला कुठून आलं? देशाच्या हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यात हललं, तेव्हापासूनचं हे नाव. १९४४ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेलं. दगडी इमारत, तिथलं काम आणि लोकांच्या तोंडी बसलेलं नाव मात्र इथेच राहिलं.

राष्ट्राराष्ट्रांचं सहकार्य म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लांबलचक टेबल, त्यावर मांडलेले छोटे झेंडे आणि हस्तांदोलनाचे फोटो येतात. म्हणून हा विषय काढला की समोरचा जांभई देतो, नाहीतर ‘सगळे आपापलं बघतात हो’ म्हणून मोकळा होतो. माझ्या डोळ्यांसमोर सिमला ऑफिस येतं. देशांनी एकमेकांना धरून काम केलं की सामान्य माणसाच्या ताटात काय पडतं, हे दाखवायला पुण्यात याहून चांगली जागा मला माहीत नाही.

१८९९ साली पावसाने दगा दिला आणि देशात भीषण दुष्काळ पडला. पाऊस आधी सांगता येईल का, हा प्रश्न त्यानंतर सरकारला टाळता येईना. १९०४ मध्ये गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती खात्याचा प्रमुख झाला. त्याचं मोठेपण असं, की भारताचा पाऊस त्याने फक्त भारतात शोधला नाही. दूरदूरच्या वेधशाळांमधल्या दाबाच्या, तापमानाच्या, पावसाच्या वर्षानुवर्षांच्या नोंदी त्याने जमवल्या आणि इथल्या कारकुनांकडून हाताने आकडेमोड करून घेतली. पॅसिफिक महासागरावर हवेचा दाब चढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो उतरतो, आणि इकडे चढला की तिकडे उतरतो, हे त्या आकड्यांतून दिसलं. तराजूची दोन पारडीच ती. पेरूच्या किनाऱ्यावरचे कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार पाण्याला ‘एल निनो’ म्हणत. त्या पाण्याचा आणि या तराजूचा संबंध पुढच्या पिढ्यांनी जोडला. आज बारामतीकडचा शेतकरी चाड्यावर मूठ धरण्याआधी ‘औंदा एल निनो हाय म्हणत्यात’ असं बोलतो, तेव्हा त्या एका वाक्यात पेरूचा कोळी, ताहिती बेटावरचा आणि ऑस्ट्रेलियातल्या डार्विनचा दाबमापक आणि पुण्यातला हवामानशास्त्रज्ञ असे सगळे एकत्र आलेले असतात.

हे काम आजही रोज चालतं. पहाटे साडेपाचच्या सुमारास, ग्रीनिचच्या घड्याळात मध्यरात्र असताना, जगभर शेकडो ठिकाणांहून एकाच वेळेला फुगे आकाशात सोडले जातात. फुग्याला टांगलेली चिमुकली पेटी वर जाता जाता तापमान, दमटपणा, दाब आणि वारा कळवत राहते. बऱ्याच उंचीवर गेल्यावर फुगा फुटतो. संध्याकाळी साडेपाचला पुन्हा तेच. समुद्रातही असंच. ‘आर्गो’ योजनेतली सुमारे ४,००० यंत्रं जगातल्या महासागरांत फिरत असतात. एकेक यंत्र दोन किलोमीटर खोल जातं, दर दहा दिवसांनी पाण्याचं तापमान आणि खारटपणा मोजत वर येतं, उपग्रहाकडे आकडे पाठवतं आणि पुन्हा बुडी मारतं. यंत्र अमेरिकेचं असो, जपानचं असो की आपलं, आकडे एका दिवसाच्या आत कुणालाही फुकट मिळतात. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले महासंगणक मोसमी पावसाचं गणित दळतात, त्यांच्या जात्यात पडणारे दाणे हेच. भारताने फक्त आपलेच दाणे दळायचे ठरवले तर पीठ पसाभरसुद्धा निघणार नाही.

३ जून २०२० चा दिवस मला चांगला आठवतो. टाळेबंदी चालू होती. दुपारी वारा असा काही सुटला की आमच्या कॉलनीतला जुना गुलमोहर मुळासकट आडवा झाला. खाली एरवी चार-पाच स्कूटर उभ्या असायच्या. आदल्या दिवशी सूचना आली म्हणून सकाळीच सगळ्यांनी त्या हलवल्या होत्या. वादळाचं नाव ‘निसर्ग’. मला वाटलं आपल्याच कुणीतरी ठेवलं असेल. नंतर कळलं, ते बांगलादेशाने सुचवलेलं होतं. बंगालचा उपसागर आणि अरबी समुद्राभोवतीचे १३ देश वादळांच्या नावांची यादी मिळून करतात. दिल्लीचं केंद्र वादळावर लक्ष ठेवतं आणि सगळ्यांना इशारे देतं. या व्यवस्थेमागे फार मोठं दुःख आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात भोला वादळाने किमान तीन लाख माणसं नेली. त्यानंतर १९७२ मध्ये या भागातल्या देशांचा चक्रीवादळांसाठीचा गट उभा राहिला. सप्टेंबर २०२१ मध्ये आंध्र-ओडिशाच्या किनाऱ्यावर जे ‘गुलाब’ वादळ आलं, त्याचं नाव पाकिस्तानने दिलेलं होतं.

सहकार्य व्हायला आधी प्रेम, निदान विश्वास लागतो अशी आपली समजूत आहे, आणि ते नाही म्हणून सहकार्य होणार नाही असा आपण निकाल देतो. मला हा क्रमच चुकीचा वाटतो. फुगे सोडणाऱ्या देशांचं एकमेकांवर प्रेम नाही. त्यातले काही एकमेकांच्या सीमेवर तोफा लावून बसलेले आहेत. पण प्रत्येक जण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मापात, ठरलेली गोष्ट मोजतो आणि सगळ्यांपुढे ठेवतो. दिलं त्याच्या शेकडो पटींनी परत मिळतं. सहकार्य उभं राहतं ते अशा मोजमापावर आणि आधी ठरलेल्या वाट्यावर. विश्वास आलाच तर मागून येतो, तोही पुष्कळ वर्षांनी.

इथे कुणी सिंधू जलकराराचं नाव घेईल, आणि घ्यायलाच हवं. १९६० चा तो करार १९६५, १९७१ आणि कारगिल एवढं सगळं होऊनही टिकला, आणि एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हत्याकांडानंतर भारताने तो स्थगित केला. ज्यांची माणसं गेली त्यांना ‘सहकार्याचे फायदे’ समजावत बसण्याची माझी छाती नाही. पण त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जम्मूत तावी नदीला मोठा पूर आला, तेव्हा भारताने आपल्या उच्चायुक्तालयामार्फत पाकिस्तानला पुराची सूचना दिली. करार बाजूला ठेवलेला होता, तरी पाण्याचा आकडा पलीकडे गेला. तिकडच्या नदीकाठची किती पोरंबाळं त्या सूचनेने वेळेत वर गेली असतील, ते कुणी मोजलेलं नसेल. मला ती सूचना फार मोलाची वाटते.

सत्तरीपुढच्या कुणाच्याही दंडावर देवीचे दोन वण बघा. शीतयुद्ध ऐन भरात असताना, १९५८ मध्ये, जगातून देवीचं उच्चाटन करण्याचा प्रस्ताव सोव्हिएत रशियाने मांडला. १९६७ पासून जी जोरदार मोहीम चालली, तिचा प्रमुख एक अमेरिकन डॉक्टर होता, आणि लशीच्या कोट्यवधी मात्रा रशियाने दिल्या. एकमेकांवर अणुबॉम्ब रोखून बसलेले हे दोन देश. १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देवी संपल्याचं जाहीर केलं. आज पंचेचाळिशीच्या आतल्या माणसाच्या दंडावर देवीचा वण नसतो, आणि त्याचं कारणही त्याला ठाऊक नसतं.

आता पुन्हा पुण्यात, हडपसरला. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत आफ्रिकेत एक पट्टा आहे, तिथे कोरड्या हंगामात मेंदूज्वराची साथ यायची. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाख लोक आजारी पडले आणि सुमारे २५,००० दगावले. या साथी आणणाऱ्या अ-गटाच्या जंतूवर टिकाऊ लस करणं शास्त्राला जड नव्हतं. गिऱ्हाईक गरीब होतं, एवढीच अडचण. २००१ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ ही संस्था यांनी प्रकल्प हाती घेतला, पैसा गेट्स फाउंडेशनने दिला. आफ्रिकेतल्या आरोग्य अधिकाऱ्यांना विचारलं, तर त्यांनी आधी किंमत सांगितली: एका मात्रेला अर्ध्या डॉलरहून जास्त आम्हाला झेपणार नाही. मोठ्या पाश्चात्त्य कंपन्यांना त्या भावात रस नव्हता. मग अमेरिकेच्या औषध प्रशासनातल्या शास्त्रज्ञांनी तंत्र दिलं, कच्चा माल सुरुवातीला नेदरलँड्समधून आला आणि लस बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोत ती टोचायला सुरुवात झाली. पुढे ३० कोटींहून जास्त लोकांना ती मिळाली, आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात अ-गटाचा रुग्ण नोंदला गेलेला नाही. मेंदूज्वर संपला असं नाही, दुसऱ्या गटांचे जंतू आहेत. त्यांच्यासाठी पुण्यातूनच गेलेली पाच गटांवरची लस मार्च २०२४ पासून नायजेरियात दिली जाऊ लागली.

सोलापूर रस्त्याने जाताना त्या कारखान्याच्या भिंतीकडे बघून माझ्या मनात हेच येतं, की या कामात सगळ्यात आधी किंमत ठरली. काय, कितीला आणि कुणाला, हे शांततेच्या काळात ठरलं, आणि मग सगळे कामाला लागले.

उलट उदाहरणही पुण्याचंच आहे. ते लपवलं तर हा लेख खोटा ठरेल. २०२१ च्या जानेवारीत पुण्यातून भूतान-मालदीवकडे लशीचे खोके गेले तेव्हा आपण सगळे अभिमानाने टीव्ही बघत होतो. गरीब देशांना लस पोचवण्याची ‘कोव्हॅक्स’ नावाची जागतिक योजना पुण्याच्या याच उत्पादनावर फार मोठी भिस्त ठेवून होती. मार्च-एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. त्या दिवसांत पुण्यात खाट मिळत नव्हती, ऑक्सिजन मिळत नव्हता, आमच्या ओळखीतली माणसं गेली. ‘कोव्हॅक्स’ला जाणारी लस थांबली ती थेट नोव्हेंबरपर्यंत. आफ्रिकेतले डॉक्टर आणि नर्सही लशीविना राहिले. २०२१ अखेर २०० कोटी मात्रा देण्याचं ‘कोव्हॅक्स’चं उद्दिष्ट होतं. १०० कोटीवी मात्रा गेली तेव्हा जानेवारी २०२२ उजाडला होता.

यात भारताला दोष देऊन मोकळं होता येईल. आधी दोष द्यायचाच तर गरजेच्या कितीतरी पट मात्रा राखून ठेवणाऱ्या श्रीमंत देशांना द्यावा लागेल. घरात माणसं मरत असताना कोणतंही सरकार दारचा टेम्पो विमानतळावर जाऊ देणार नाही. चूक त्याच्या आधीची होती. साथ आल्यावर कुणाचा वाटा किती, हे साथ नसताना कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. तहान लागल्यावर विहीर खोदायला घेतली, आणि खोदता खोदताच पाण्यावरून भांडण जुंपलं.

म्हणून २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य परिषदेत मंजूर झालेल्या महामारी कराराकडे मी आशेने बघतो. अमेरिका संघटनेतून बाहेर पडायला निघालेली असतानाही बाकीच्यांनी तो केला. साथीच्या काळात सहभागी उत्पादकांनी आपल्या लशी-औषधांचा २० टक्क्यांपर्यंत वाटा जागतिक आरोग्य संघटनेसाठी राखावा, त्यातला निदान निम्मा दान म्हणून द्यावा, अशी कल्पना त्यात आहे. मात्र विषाणूचे नमुने देण्याच्या आणि त्या बदल्यात वाटा मिळण्याच्या नियमांचं परिशिष्ट पुढच्या वाटाघाटींवर सोडलं गेलं. माझ्या मते करार त्या परिशिष्टातच आहे, बाकी सगळी प्रस्तावना.

वाटा आधी लिहून ठेवण्याचा धडा घ्यायला आपल्याला जिनिव्हाला जायचीही गरज नाही. पुरंदर तालुक्यातलं नायगाव पुण्याहून मोटारीने थोड्याच वेळाच्या अंतरावर. १९७२ च्या दुष्काळात विलासराव साळुंखे हे पुण्यातले इंजिनियर-उद्योजक त्या भागात फिरले, आणि पुढे तिथेच राहून त्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थक्क होतो. पाणी जमिनीला द्यायचं नाही, माणसाला द्यायचं. घरात माणसं किती ते बघून, माणशी अर्ध्या एकरापुरतं. ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यात वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही. महाराष्ट्रात हे शेवटचं वाक्य लिहायला किती धैर्य लागतं ते इथल्या माणसाला सांगायला नको. योजनेच्या खर्चातला आपला वाटा गावकऱ्यांनी घालायचा, पाणी वाटपावर देखरेख गटाचीच. त्या गावांत भावकीची भांडणं नव्हती, बांधावरून कोर्टकचेऱ्या नव्हत्या, असं कुणी म्हणणार नाही. ती होतीच. पण पाण्याचा वाटा माणसं मोजून ठरला, त्यामुळे चुलत्याशी अबोला असला तरी त्याच्या शेजारी उभं राहून पाणी घेता आलं.

मग आमच्या नदीचं काय?

मागच्या हिवाळ्यात आम्ही रोहित पक्षी बघायला भिगवणला गेलो होतो. उजनी धरणाच्या फुगवट्यात पहाटे नाव निघाली. धुकं होतं, पलीकडे गुलाबी रेघ दिसत होती, मुलं गप्प झाली होती. थोडं आत गेल्यावर पाणी हिरवं दिसायला लागलं, दाट, रंगाच्या डब्यासारखं, आणि वास आला. नाववाल्याने वल्हं उचलून दाखवलं, त्याच्या पात्यावर हिरवा साका बसला होता. “ताई, हे तुमच्याकडूनच येतं,” तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. त्याचा बाप याच पाण्यात मासे धरायचा आणि हेच पाणी प्यायचा, हेही त्याने सांगितलं. मी काय बोलणार? आमच्या घरातलं भांडी घासलेलं पाणी कुठे जातं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं. मुळा-मुठा खाली जाऊन भीमेला मिळते, भीमा उजनीत थांबते, आणि सोलापूर शहर उजनीचं पाणी पितं.

या नदीवर सहकार्याची वानवा आहे असंही म्हणता येत नाही. मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी जपानशी २०१६ मध्ये कर्जाचा करार झाला. टोकियोशी बोलणी होऊ शकतात. पण वाकड-बाणेर, सांगवी-औंध, दापोडी-बोपोडी इथे मुळेच्या दोन काठांवर दोन वेगवेगळ्या महापालिका आहेत, आणि नदी मधून वाहते. जलपर्णीला हद्द कळत नाही. एका काठाने काढली की दुसऱ्या काठाची तरंगत येते. उन्हाळ्यात पाण्याचंही तेच. खडकवासला साखळीतली चार धरणं मिळून सुमारे २९ टीएमसीची, म्हणजे २९ अब्ज घनफुटांची. त्यावर शहर, दौंड आणि इंदापूर दरवर्षी कालव्याच्या बैठकीत भांडतात, आणि प्रत्येकाच्या हातात वेगळे आकडे असतात. मग ज्याचा आवाज मोठा त्याचा आकडा खरा ठरतो.

माझी मागणी छोटी आहे. नदी सुधारण्याच्या मोठ्या आराखड्यांना माझा विरोध नाही, पण त्यांची वाट बघत बसण्याचं कारणही नाही. पवना मुळेला मिळते ते दापोडी, शहर संपतं ते मुंढव्याच्या पुढे, आणि मुळा-मुठा भीमेला मिळते त्याच्या अलीकडे, अशी तीन ठिकाणं धरा. दोन्ही महापालिकांचा एकेक माणूस आणि उजनीकडचा एक, असे तिघे रोज ठरलेल्या वेळी एकाच बादलीतून तीन बाटल्या भरतील. तीन वेगळ्या प्रयोगशाळांत त्या तपासल्या जातील. तिन्ही आकडे त्याच दिवशी जाहीर होतील, पुण्यात आणि सोलापुरातही. धरणांतून किती पाणी सुटलं, शहराने किती उचललं आणि दौंडच्या वाट्याला किती गेलं, हेही त्याच पानावर. सुरुवातीला आकडे जुळणार नाहीत. एकमेकांवर खोटेपणाचे आरोप होतील, बादली कुठे बुडवली यावरून वाद होतील. होऊ देत. हवामानाच्या कामातही सगळ्या देशांचं एककांवर आणि वेळेवर एकमत व्हायला कित्येक वर्षं गेली आहेत.

आकडे जुळायला लागले की मग वाट्याचं बोलता येईल. कुणी किती घाण सोडायची, ती साफ करण्याचा खर्च कुणी किती उचलायचा, आणि वर राहणाऱ्याने खाली राहणाऱ्याला काय द्यायचं. नायगावच्या लोकांनी हे अवघ्या काही एकरांसाठी ठरवलं. आपल्याला ते लाखो माणसांसाठी ठरवायचं आहे, हे काम अवघड आहे, आणि त्यासाठी पुण्यातल्या आपल्यासारख्यांना आपल्या नळाचं पाणी मीटरने मोजून घ्यायची तयारी दाखवावी लागेल. आमच्या सोसायटीत मीटरचा विषय निघाला तेव्हा निम्मे लोक उठून गेले. पुढच्या सभेत मी तो पुन्हा मांडणार आहे, आणि भिगवणच्या त्या वल्ह्याचा फोटो बरोबर नेणार आहे.